जपानचा काळजी-विमा आणि केअर होमचे मालक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हाताऱ्या माणसांच्या दीर्घकाळ काळजीसाठी सरकारी विमा हवा, ही मागणी आता आपल्याकडेही ऐकू येते. ज्यांच्या संस्थेत ही काळजी प्रत्यक्ष घेतली जाते त्या मालकांना असा विमा हवासा वाटतो का, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. जपानमध्ये तो २००० सालापासून चालू आहे, म्हणून उत्तरं तिथे शोधली आहेत. प्रश्न तीन प्रकारच्या लोकांचे आहेत: वृद्धाश्रम चालवणारे, काइगोच्या, म्हणजे वृद्धांच्या काळजीच्या, नोकरीसाठी जपानी शिकणारे, आणि ज्यांच्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे ते.

हा विमा आहे तरी काय? थोडक्यात सांगा.

जपानीत त्याला 'काइगो होकेन' म्हणतात. कायदा डिसेंबर १९९७ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल २००० पासून लागू झाला. वयाची चाळिशी गाठली की हप्ता सक्तीचा. ४० ते ६४ वयोगटाचा हप्ता आरोग्य विम्याबरोबर कापला जातो, ६५ च्या पुढच्यांचा बहुतेक करून पेन्शनमधून. विमा चालवते नगरपालिका. खर्चाचा अर्धा वाटा हप्त्यांतून येतो आणि अर्धा करातून: केंद्राचे २५ टक्के, प्रांताचे साडेबारा, नगरपालिकेचे साडेबारा.

काळजीची गरज लागली की नगरपालिका तपासणी करून पातळी ठरवते. हलक्या मदतीच्या दोन पातळ्या, त्यावर काळजीच्या पाच. पातळीप्रमाणे महिन्याला किती सेवा घेता येईल याची मर्यादा असते. केअर मॅनेजर आठवड्याचा आराखडा बांधतो आणि कुटुंब आपल्या पसंतीची संस्था निवडतं. बिलाचा १० टक्के वाटा स्वतः भरायचा. उत्पन्न जास्त असेल तर २० टक्के (ऑगस्ट २०१५ पासून) किंवा ३० टक्के (ऑगस्ट २०१८ पासून). बाकीचे पैसे विमा थेट संस्थेला देतो.

विमा यायच्या आधी संस्था कशा चालत? मालकांनी त्याचं स्वागत केलं का?

१९६३ च्या वृद्धकल्याण कायद्याखाली नगरपालिका ठरवायची की कुणाला कुठल्या आश्रमात ठेवायचं. म्हाताऱ्यांना निवड नव्हती आणि संस्थेला स्पर्धा नव्हती. माणूस नगरपालिका पाठवी, खर्चही नगरपालिका देई. अशा आश्रमात जाणं गरिबीचा शिक्का मानलं जाई, म्हणून बरीच कुटुंबं म्हाताऱ्यांना रुग्णालयातच ठेवत. १९७३ पासून वृद्धांचे उपचार मोफत झाले होते, त्यामुळे आजार बरा झाला तरी घरी न नेता महिनोन् महिने खाट अडवून ठेवणं ही तिथली मोठी डोकेदुखी होऊन बसली.

विमा आला तेव्हा मालकांत सरळ दोन तट पडले. जुन्या धर्मादाय संस्थांना धास्ती वाटली. ठरलेलं अनुदान जाणार, रिकाम्या खाटेचा तोटा आपल्या अंगावर येणार, आणि शेजारी एखादी कंपनी दुकान थाटणार. कंपन्यांना तीच संधी वाटली. घरी जाऊन सेवा देणं आणि दिवसभराचं डे-केअर ही क्षेत्रं त्यांना खुली झाली होती, आणि गिऱ्हाईकाच्या बिलाचे नव्वद टक्के विम्यातून येणार होते. असा धंदा कुणाला नको असतो? एप्रिल २००० मध्ये पातळी मिळालेले सुमारे २२ लाख लोक होते, आज सुमारे ७० लाख आहेत. एकूण खर्च पहिल्या वर्षीच्या ३.६ लाख कोटी येनवरून ११ लाख कोटींच्या पुढे गेला आहे.

'मालक' म्हणजे नक्की कोण? सगळे खासगीच का?

नाही, आणि हे समजल्याशिवाय पुढचं काही नीट कळत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठीचे मोठे निवासी आश्रम, ज्यांना तिथे 'तोकुयो' म्हणतात, ते समाजकल्याण निगम किंवा नगरपालिका यांनाच चालवता येतात. आपल्या धर्मादाय ट्रस्टशी जुळणारा हा प्रकार. रुग्णालयातून सुटल्यावर काही महिने व्यायाम-उपचारासाठी राहायचं ठिकाण म्हणजे 'रोकेन'. ते मुख्यतः वैद्यकीय संस्थांकडे असतं, म्हणजे मालक बहुधा डॉक्टर. सशुल्क वृद्धनिवास, स्मृतिभ्रंश झालेल्यांची छोटी गटघरं, डे-केअर आणि घरी येणारे हेल्पर या ठिकाणी कंपन्या आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपनीपासून ते नवरा-बायको आणि पाच-सहा हेल्परांच्या कचेरीपर्यंत सगळे यात आले.

'जपानी मालकांना विमा आवडतो का' या प्रश्नाला म्हणूनच एकच उत्तर नाही. तोकुयोच्या दारात रांग असते. २०१४ मध्ये प्रतीक्षा यादी पाच लाखांवर होती, म्हणून एप्रिल २०१५ पासून तिथला नवा प्रवेश साधारणपणे पातळी ३ आणि त्यावरच्यांनाच मिळतो. त्या चालकाला गिऱ्हाईकाची चिंता नाही, कर्मचाऱ्यांची आहे. डोंगराळ गावातल्या हेल्पर कचेरीला दोन्ही चिंता.

या विम्यातलं मालकांना काय मनापासून आवडतं?

बिल बुडत नाही. काळजीच्या धंद्यात ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे आश्रम चालवणाऱ्या कुणालाही विचारा: मुलगा पहिले सहा महिने पैसे पाठवतो, मग फोन उचलत नाही, आणि म्हातारीला रस्त्यावर काढता येत नाही. जपानी मालकाच्या वाट्याला असं प्रकरण आलंच तर ते गिऱ्हाईकाने स्वतः भरायच्या वाट्यापुरतं असतं.

पैसे येतात कसे तेही बघा. एप्रिलमध्ये दिलेल्या सेवेचं बिल १० मेपर्यंत प्रांताच्या आरोग्य-विमा महासंघाकडे ऑनलाइन जातं. महासंघ ते केअर मॅनेजरच्या आराखड्याशी ताडून पाहतो आणि जूनच्या अखेरीकडे रक्कम खात्यावर पडते. मधले दोन महिने पगार, भाडं, पेट्रोल मालकाने पदरचं घालायचं. नव्या कचेरीचा जीव इथेच मेटाकुटीला येतो. पण तारीख ठरलेली असते आणि पैसे येतात. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांनी थकीत बिलांबद्दल वर्षानुवर्षं केलेल्या तक्रारी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या शिस्तीची किंमत कळेल.

दुसरं म्हणजे कुटुंबांची लाज गेली. हप्ता भरलाय, हक्क आहे, या भावनेने लोक येतात. जुने चालकही हे मोकळेपणाने मान्य करतात. विमा रद्द करा असं म्हणणारी मालकांची एकही मोठी संघटना जपानमध्ये नाही.

मग सगळा राग कशावर आहे?

दरावर. सेवेची किंमत मालक ठरवत नाही, बाजारही ठरवत नाही. सरकार ठरवतं, आणि दर तीन वर्षांनी बदलतं. किंमत 'युनिट'मध्ये मोजतात. एक युनिट म्हणजे मूळ १० येन, टोकियोच्या मध्यवर्ती २३ विभागांत ते ११.४० येनपर्यंत जातं. अर्धा तास शरीराची काळजी घेतली इतके युनिट, तासभर घेतली इतके. मालकाने कितीही जीव ओतला तरी विमा-सेवेसाठी वरचे पैसे मागता येत नाहीत.

आता या दराचा प्रवास बघा. २००३ मध्ये २.३ टक्के कपात. २००६ मध्ये पुन्हा कपात, आधीच्या ऑक्टोबरमधली धरून २.४ टक्के. कामाला माणसं मिळेनाशी झाली तेव्हा २००९ मध्ये ३ टक्के वाढ. २०१२ मध्ये कागदावर १.२ टक्के वाढ दिसते, पण पगारासाठी वेगळं मिळणारं अनुदान त्यात जिरवलं होतं, म्हणून मालक ती कपातच धरतात. २०१५ मध्ये २.२७ टक्के कपात. २०१८ मध्ये ०.५४, २०२१ मध्ये ०.७० आणि २०२४ मध्ये १.५९ टक्के वाढ. मध्ये लहानसहान दुरुस्त्या झाल्या, बऱ्याचशा पगारासाठी.

वीज, गॅस, तांदूळ, डायपर यांचे भाव २०२२ पासून चढत गेले. हॉटेलवाला थाळीचा दर वाढवतो, केअर होमवाल्याला तीन वर्षं थांबावं लागतं. निवासी आश्रमातल्या जेवणासाठी सरकारने धरलेला प्रमाण खर्च ऑगस्ट २०२१ मध्ये दिवसाला १,४४५ येन होता. तीन वेळचं जेवण, त्यात कुणाचं वाटलेलं, कुणाचं मिठाशिवायचं, कुणाला घट्ट केलेलं पाणी चमच्याने. महागाईतही त्याच रकमेत. माझ्या मते मालकांची ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. एकच खरेदीदार आणि तोच दर ठरवणारा असेल, तर त्याने खर्चाची खबर दरवर्षी घ्यायला हवी.

२०२४ मध्ये दर वाढले ना? मग घरी सेवा देणारे इतके का भडकले?

कारण एकूण दर वाढला आणि त्यांचा मूळ दर मात्र कापला गेला. हे प्रकरण नीट सांगायला हवं, मालकांच्या मनातली खदखद इथेच सगळ्यात स्पष्ट दिसते.

सरकारने संस्थांच्या हिशेबांची पाहणी केली. २०२२ च्या आर्थिक वर्षात सर्व सेवांचा सरासरी नफा २.४ टक्के निघाला. तोकुयो एक टक्का तोट्यात, रोकेन १.१ टक्के तोट्यात. घरी जाऊन सेवा देणाऱ्यांचा नफा मात्र ७.८ टक्के दिसला. निष्कर्ष असा काढला की यांचं बरं चाललंय, इथून थोडं काढून तिकडे देऊ.

पण ७.८ या आकड्यात दोन अगदी वेगळे धंदे एकत्र आले होते. एका प्रकारात वृद्धांच्या निवासी इमारतीतच हेल्पर कचेरी असते. हेल्पर २०१ मधून निघते, २०२ मध्ये शिरते, मग लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर. प्रवास शून्य. अशा सेवेचे दर थोडे कापले जातात, तरी दिवसाला भेटी खूप होतात. दुसऱ्या प्रकारात अकिता किंवा शिमानेसारख्या विरळ वस्तीच्या प्रांतातली हेल्पर छोटी गाडी घेऊन एका घरून दुसऱ्या घरी अर्धा तास जाते. हिवाळ्यात आधी दारापुढचा बर्फ बाजूला करावा लागतो. विमा पैसे देतो ते फक्त घरातल्या मिनिटांचे. रस्त्यावरचा वेळ मालकाच्या माथी, कारण कामगार कायद्याप्रमाणे त्या वेळेचाही पगार त्याने द्यायचा असतो.

कपात दिसायला किरकोळ होती. शरीराची काळजी, २० ते ३० मिनिटं: २५० युनिटवरून २४४. अर्धा ते एक तास: ३९६ वरून ३८७. घरकामाची मदत, २० ते ४५ मिनिटं: १८३ वरून १७९. म्हणजे अर्ध्या तासाच्या भेटीमागे ६० येन गेले. समजा एका छोट्या कचेरीच्या महिन्याला अशा ६०० भेटी होतात. ३६,००० येनची खोट आली. मोठी कंपनी हे पचवते. जिथे मालकीण स्वतः सकाळी सात वाजता पहिल्या घरी आंघोळ घालायला जाते आणि रात्री बिलं भरते, तिथे या रकमेत दोन गाड्यांचं महिन्याचं पेट्रोल बसतं.

टोकियो शोको रिसर्च ही संस्था दिवाळखोऱ्यांची मोजदाद ठेवते. तिच्या नोंदीप्रमाणे २०२४ मध्ये काळजी क्षेत्रात १७२ दिवाळखोऱ्या झाल्या, तोवरचा उच्चांक. त्यातल्या ८१ घरी सेवा देणाऱ्यांच्या. सगळा दोष दरकपातीचा नाही. हेल्परच मिळत नाहीत, असलेल्यांपैकी बऱ्याच जणांची वयं साठीच्या पुढे गेली आहेत. पण माणसं मिळत नसताना दर कापणं हा निर्णय चुकलाच, असं मला ठाम वाटतं. घरीच म्हातारपण काढता यावं हे सरकारचं स्वतःचं धोरण आहे, आणि ते ज्यांच्या जिवावर उभं आहे त्यांचाच दर कापला.

सरकारचं म्हणणं काय होतं?

मूळ दर कापला तरी पगारवाढीचा भत्ता (कर्मचाऱ्यांचे पगार वाढवण्यासाठी बिलावर मिळणारी जादा रक्कम) सगळ्यात जास्त यांनाच दिलाय, हे. ते खरंही आहे. जून २०२४ पासून एकत्र केलेल्या या भत्त्याचा वरचा दर तेव्हा घरी येणाऱ्या सेवेसाठी बिलाच्या २४.५ टक्के होता, तोकुयोसाठी १४ टक्के.

हा भत्ता मालक खिशात घालतात का?

सहज घालता येत नाही. भत्त्याची पूर्ण रक्कम पगारातच गेली पाहिजे, दरवर्षी आराखडा आणि मग हिशेब द्यावा लागतो. मालकांची तक्रार उलट बाजूने आहे: या पैशातून भाडं देता येत नाही, गाडी दुरुस्त करता येत नाही, कचेरीतल्या कारकुनाचा पगारही जेमतेम निघतो. मूळ दर हाच त्यांचा मोकळा श्वास, आणि तोच आवळला.

वरचा भत्ता मिळवायचा तर बढतीची पायरी ठरवणं, प्रशिक्षण देणं, कामाची जागा सुधारणं अशा अटी पाळाव्या लागतात. पाच माणसांच्या कचेरीत बढतीच्या पायऱ्या कुठून आणायच्या, असं छोटे मालक विचारतात. मी इथे कर्मचाऱ्यांच्या बाजूने आहे. काळजीचं काम करणाऱ्यांचा पगार जपानच्या सर्वसाधारण सरासरीहून कमी आहे. पैसे मोकळे सोडले तर पगारापर्यंत पोचत नाहीत हे सुरुवातीच्या वर्षांत दिसलं, म्हणूनच हा बांधलेला भत्ता आला. मालकांची अडचण सोडवायची ती मूळ दर सावरून. भत्त्याची गाठ सोडून नाही.

तपासण्या आणि कागदपत्रांचा जाच खरा की बहाणा?

थोडा खरा. प्रत्येक भेटीची नोंद, प्रत्येक जादा युनिटसाठी वेगळी अट, वेगळा पुरावा. जादा युनिटचे प्रकार इतके झालेत की छोट्या संस्था पात्र असूनही काही मागतच नाहीत, कारण ते भरायला माणूस नाही. २०२१ पासून म्हाताऱ्यांच्या प्रकृतीची माहिती 'लाइफ' नावाच्या सरकारी प्रणालीत भरली तर थोडे युनिट जास्त मिळतात. तिथेही हीच कथा.

पण तपासणी नकोच म्हणणाऱ्यांना २००७ आठवावं लागेल. 'कोमसून' ही तेव्हा घरी सेवा देणारी आघाडीची कंपनी होती. परवान्यांच्या अर्जात कर्मचारी खोटे दाखवल्याचं उघड झालं, मंत्रालयाने तिचे परवाने नव्याने देणं आणि नूतनीकरण थांबवायला सांगितलं, आणि तिचा सगळा कारभार दुसऱ्या संस्थांकडे सोपवावा लागला. देशभरातल्या हजारो कुटुंबांना आपल्या हेल्परचं काय होणार हे कळेना. सरकारी विम्याचा ओघ सुरू झाला की त्यावर धाड घालणारेही येतात. कोमसूननंतर संस्थांच्या अंतर्गत कारभारावरही कायद्याने नजर ठेवली जाऊ लागली. प्रामाणिक मालकाला त्याचा त्रास होतो हे मान्य, तरी तो त्रास कमी करायचा मार्ग कागद सोपे करण्याचा आहे.

मालक गिऱ्हाईक निवडून घेतात का? सोपी माणसं ठेवायची, अवघड टाळायची, असं?

होतं. आणि याचं मूळ स्वभावात कमी, दरपत्रकात जास्त आहे.

पातळी जितकी वरची तितका दर जास्त. त्यामुळे निवासी आश्रमाला पातळी ४-५ ची, पण शांत पडून असलेली व्यक्ती परवडते. पातळी २ चे आजोबा, पाय धडधाकट, स्मृतिभ्रंश झालेला, रात्री दोन वाजता दार उघडून बाहेर निघणारे: यांना रात्रभर एक माणूस लागतो आणि दर कमी मिळतो. नळीने अन्न घेणारे, दर तासाला कफ काढावा लागणारे, यांच्यासाठी नर्स हवी. रात्री नर्स नसलेल्या आश्रमात 'सध्या जागा नाही' असं सौम्य उत्तर मिळतं.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. एखाद्या संस्थेने आजींना नेटाने चालवलं, हाताने जेवायला लावलं, आणि पातळी ४ ची ३ झाली. बक्षीस काय? महिन्याचं उत्पन्न घटलं. चांगले चालक हे सांगताना खरोखर हळहळतात. टोकियोच्या शिनागावा विभागाने २०१३ पासून पातळी सुधारली तर संस्थेला स्वतःच्या तिजोरीतून रक्कम द्यायला सुरुवात केली. नंतर राष्ट्रीय दरपत्रकातही प्रकृती टिकवल्याबद्दल जादा युनिट आले, पण ते इतके थोडे की त्यासाठी कुणी जादा व्यायामतज्ज्ञ नेमणार नाही.

हप्ते वाढवा, गिऱ्हाईकाचा वाटा वाढवा, असं मालक म्हणतात का?

दर वाढवा म्हणतात. पैसे कुठून आणायचे यावर मात्र बहुतेक गप्प बसतात. ६५ वरच्यांचा सरासरी मासिक हप्ता पहिल्या तीन वर्षांत २,९११ येन होता, २०२४ ते २०२६ साठी ६,२२५ येन आहे. पेन्शनवर जगणाऱ्यांकडून याहून किती घेणार?

२० टक्के वाटा जास्त लोकांना लावायचा प्रस्ताव निघाला की मालकांच्या संघटना विरोध करतात. पेन्शनर मंडळी वाटा वाढला की आठवड्यातल्या तीन भेटींच्या दोन करतात, आणि मालकाचं उत्पन्न तिथेच घसरतं. पातळी १ आणि २ च्या घरकाम-सेवा राष्ट्रीय विम्यातून काढून नगरपालिकेच्या योजनेत टाकायच्या, या चर्चेलाही असाच विरोध आहे. २०१५ च्या सुधारणेनंतर हलक्या मदतीच्या दोन पातळ्यांबाबत हे झालं, नगरपालिकेचे दर कमी निघाले आणि कित्येक संस्थांनी ती गिऱ्हाइकं घेणंच थांबवलं.

जर्मनी आणि कोरियातले मालकही असंच बोलतात का?

सूर ओळखीचा, दुखणं वेगळं.

जर्मनीत विम्याचे हप्ते १ जानेवारी १९९५ पासून सुरू झाले. मालकांवरचा, म्हणजे तिथल्या सर्व उद्योगांवरचा, भार भरून काढायला सॅक्सनी सोडून सगळीकडे एक सार्वजनिक सुट्टी रद्द केली, इतका तो गाजला. तिथे विमा ठराविक रक्कम देतो, वरचा खर्च राहणाऱ्याने भरायचा. दर सरकार एकतर्फी ठरवत नाही. केअर होम आणि विमा निधी वाटाघाटी करतात. सप्टेंबर २०२२ पासून कर्मचाऱ्यांना सामूहिक कराराच्या तोडीचा पगार देणं बंधनकारक झालं. वाढलेला खर्च दरात धरला गेला, पण विम्याची रक्कम त्या मानाने वाढली नाही, बराचसा बोजा राहणाऱ्यांवर गेला. जपानी मालक सरकारशी भांडतो. जर्मन मालकाला बिल वाढल्याचं पत्र म्हाताऱ्यांच्या मुलांना पाठवावं लागतं, आणि ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी समाजकल्याण कार्यालयाच्या मंजुरीची वाट बघत बसावं लागतं.

दक्षिण कोरियात विमा जुलै २००८ मध्ये आला. सेवा लवकर पसरावी म्हणून दारं सताड उघडली, आणि सामान्य माणसांनी कर्ज काढून छोटे आश्रम टाकले. दहा किंवा जास्त खाटांच्या आश्रमाला जमीन आणि इमारत मालकीची लागते. पुढे सरकारने समाजकल्याण संस्थांचे हिशेबाचे नियम यांनाही लावले. मालक चिडले: जागा आमची, कर्ज आमचं, पडला तर तोटा आमचा, आणि उरलेल्या पैशाला हात लावायचा तर तुमचा नियम! त्यांची बाजू मला समजते. पण ज्याच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग लोकांच्या सक्तीच्या हप्त्यातून येतो, त्याने हिशेब उघडा ठेवायलाच हवा. चूक सुरुवातीला झाली. पाहुण्यांना बोलावताना घराचे नियम सांगितले नाहीत, ताटावर बसल्यावर सांगितले. आता कोरियात कर्मचाऱ्यांचं प्रमाणही वाढवलंय, २०२५ पासून २.१ वृद्धांमागे एक, आणि माणसं आणायची कुठून हा तिथल्याही मालकांचा पहिला प्रश्न आहे.

जपानी मालक भारतीय मुलामुलींना घेतात, त्याचा या विम्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. दर बांधलेला, म्हणून पगार फार वाढवता येत नाही. पगार कमी, म्हणून जपानी तरुण येत नाहीत. सरकारी अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये काळजीचं काम करणारे सुमारे २१.५ लाख होते, २०४० मध्ये सुमारे २७.२ लाख लागतील. म्हणून दार परदेशाकडे उघडलं: २००८ पासून इंडोनेशिया, मग फिलिपिन्स आणि व्हिएतनाम, आणि एप्रिल २०१९ पासून 'विशिष्ट कौशल्य' व्हिसा. भारताशी त्यासाठीचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत ५०,००० कुशल भारतीयांना जपानमध्ये नेण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्यात काळजी हे एक क्षेत्र आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यामागेही माणसांचीच टंचाई आहे.

मालकांची भूमिका इथे बदलत गेली आहे. आधी भाषेची भीती होती: नोंदी कोण लिहिणार, आजोबा बोलीभाषेत बोलले तर कळणार कसं? आता बरेचसे म्हणतात, लवकर पाठवा. एप्रिल २०२५ पासून अनुभव आणि प्रशिक्षणाच्या अटींवर विशिष्ट कौशल्यवाल्यांना घरी जाऊन सेवा देण्याचीही मुभा मिळाली.

कायद्याने परदेशी कर्मचाऱ्याचा पगार त्याच कामाच्या जपानी कर्मचाऱ्याहून कमी ठेवता येत नाही. 'स्वस्तातले हात' म्हणून घेऊ बघणारा मालक नियम मोडत असतो. हे आपल्या मुलांना जाण्याआधी माहीत असायला हवं.

आपल्याकडे असा विमा आला तर वृद्धाश्रमचालकांना परवडेल का?

आज आपल्याकडे तो नाही. २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना आयुष्मान भारतखाली ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयातले. घरी आल्यावर कूस बदलायला, डायपर बदलायला, भरवायला जी मावशी लागते तिचे पैसे कुटुंबच ब्यूरोला मोजतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रमाची तरतूद आहे, काळजीच्या दर्जाचा आणि दराचा तपशील त्यात नाही.

आपल्या चालकांशी याबद्दल बोललं की दोन प्रतिक्रिया येतात. 'सरकारी पैसे म्हणजे वर्षभर खेटे' ही पहिली. 'पैसे आले तर तपासणीही येणार' ही दुसरी. पहिलीवर जपानकडे उत्तर आहे: बिलाची तारीख, छाननी करणारी वेगळी संस्था आणि ऑनलाइन प्रणाली आधी उभी केली, मग विमा चालू केला. दुसरीवर माझं म्हणणं साधं आहे, तपासणी यायलाच हवी. एका खोलीत आठ खाटा आणि रात्री एक मावशी, हे आज कुणी विचारत नाही म्हणून चालतं.

चालकांनी भांडायचंच असेल तर तीन गोष्टींसाठी आधीपासून भांडावं. दर ठरवणाऱ्या समितीत छोट्या आश्रमाचा आणि मावश्यांचा प्रतिनिधी असावा. महागाईप्रमाणे दर दरवर्षी सुधारावा. आणि दुर्गम तालुक्यात घरी जाऊन सेवा देणाऱ्याला प्रवासाचे पैसे वेगळे मिळावेत. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या पाड्यावर जाणाऱ्या बाईला आणि पुण्यातल्या सोसायटीत लिफ्टने फिरणाऱ्या बाईला एकच दर लावला, तर पाड्यावर कुणी जाणार नाही.

जपानमध्ये मुलाखत आहे. संस्थेची परिस्थिती कशी ओळखू?

हे विचारा: पगारवाढीचा भत्ता कुठल्या श्रेणीचा घेता? (चार श्रेणी आहेत, वरची असेल तर अटी पाळल्या जात आहेत असं समजा.) रात्रपाळीला किती वृद्धांमागे किती माणसं? तोकुयोत कमीत कमी प्रमाण तीन वृद्धांमागे एक कर्मचारी असं आहे, पण ते सगळ्या पाळ्या मिळून. रात्री एका माणसाकडे वीस-पंचवीस जण असू शकतात. घरी जाऊन सेवा असेल तर दोन घरांमधल्या प्रवासाच्या वेळेचा पगार कसा मोजता? आणि 'काइगो फुकुशिशी' या राष्ट्रीय परीक्षेच्या अभ्यासाला वेळ व मदत देता का? विशिष्ट कौशल्य व्हिसावर साधारण पाच वर्षं राहता येतं, ही परीक्षा पास झालात तर काइगो व्हिसा मिळतो, तो पुन्हा पुन्हा वाढवता येतो आणि नवरा-बायको, मुलांना नेता येतं. या चार प्रश्नांची उत्तरं देताना जो मालक आकडे सांगतो त्याच्याकडे जा. नुसतं 'आमच्याकडे घरच्यासारखं वातावरण आहे' म्हणतो त्याला पुन्हा विचारा.